सहाव्या तासाची सफाई

काकूंच्या हातून आजवर एकही डिश नासली नाही, असं त्या प्रयोगशाळेत सांगितलं जायचं, आणि सांगणाऱ्यांत काकूंचा स्वतःचा आवाज जरा मोठाच असायचा. त्यात खोटं काही नव्हतं. माणसाच्या यकृताच्या पेशी डिशमध्ये जगवायच्या म्हणजे तान्ह्या बाळाहून जास्त नखरे. ठरलेली ऊब, ठरलेलं खाद्य, आणि बाहेरचा एक जंतू आत शिरला तरी सगळं मुसळ केरात. एकतीस वर्षं काकूंनी हे नखरे सांभाळले. निवृत्तीला दोन महिने राहिले होते आणि निरोपाच्या भाषणात प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम काय बोलणार, हे त्यांना आत्ताच पाठ होतं.

काकूंच्या डिश वापरणारा सगळ्यात नवा संशोधक चौतीस वर्षांचा होता. लग्न झालेलं, एक मुलगी शाळेत, आणि हा मात्र अजून विद्यार्थीच. म्हणून सगळे त्याला प्रोफेसर म्हणायचे. तोही हसून घ्यायचा. मनाला लावून घेतलं असतं तर रोज भांडावं लागलं असतं.

त्याचा प्रश्न साधा होता. विषानं अर्धं यकृत जळालं तरी उरलेलं पुन्हा वाढतं, ते कसं? त्यासाठी तो पेशींना तापाच्या गोळीतलं औषध दिवसभर भरमसाट पाजायचा, मग ते काढून ताजं मीडियम, म्हणजे पेशींचं पातळ खाद्य, भरायचा. दोन दिवसांनी किती पेशी नव्यानं वाढायला लागल्या ते मोजायचा. आठ बॅच झाल्या. आठही वेळा उत्तर शून्य. शेवटी त्यानं लेख लिहून टाकला: शरीराबाहेर या पेशी सावरत नाहीत. मॅडम तो सोमवारी पाठवणार होत्या. लेख रडका असला तरी त्याच्यावर पदवी मिळणार होती.

नववी बॅच लावली तेव्हा काकूंची अक्कलदाढ काढली. उतारवयात अक्कलदाढ काय, म्हणून सगळ्यांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. तीन दिवसांची रजा झाली. गुरुवारी त्या सुजलेला गाल घेऊन परतल्या, तर प्रोफेसर डिश कचऱ्यात टाकायच्या बेतात.

"थांब, काय झालं यांना?"

"नासल्या, काकू. तुम्ही नव्हतात, कुणी लक्षच दिलं नाही. बघा की किती गढूळ. आणि गंमत म्हणजे याच एका बॅचमध्ये पेशी बेफाम वाढल्यात. कुठला तरी जंतू शिरला असणार. मी ही बॅच बाद करतोय. तुमच्या हाताला तोड नाही, हेच खरं."

स्तुती ऐकून काकू सवयीनं हसल्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जंतू कुठेच नव्हता. मेलेल्या पेशींचा चुरा होता आणि त्याच्याखाली धडधाकट, भरल्या अंगाच्या पेशी होत्या. इतक्या देखण्या पेशी त्यांनी या कामात कधी पाहिल्या नव्हत्या.

मग त्यांना आठवलं, आपण काय करतो ते. ताजं मीडियम भरल्यावर सहाएक तासांत डिश गढूळ व्हायची. काकूंना ते बघवायचं नाही. घरी कुणाचा चहाचा कप टेकायच्या आत त्या उचलायच्या, तर इथे कसं राहवणार? गढूळ पाणी त्या अलगद ओढून घ्यायच्या आणि नवं भरायच्या. वहीत नोंद नाही. टेबल पुसलं, हे कुणी वहीत लिहितं का?

"ए, त्या गढूळ पाण्यात असतं काय रे?" त्यांनी जमेल तितक्या सहज विचारलं.

प्रोफेसरला असं कुणी विचारलं की त्याची कळी खुलायची. "कचरा असतो, आणि निरोप असतात. यकृतात राखणदार पेशी असतात, काकू. शेजारची पेशी फुटली की त्या रसायनं सोडतात. आपण सूज म्हणतो ना, ती त्यांचीच करामत. ती हाक कानावर पडली की उरलेल्या पेशी जाग्या होतात आणि वाढायला लागतात. माझ्या डिशमध्येही त्या आहेत, पण कुणी हाकच मारत नाही, तिथेच तर घोडं अडलंय."

काकू हात धुवायला गेल्या आणि तीनदा धुऊन आल्या. गप्प बसणं अगदी सोपं होतं. दोन महिने कसेही निघाले असते, पोराला पदवी मिळाली असती, आणि यकृत काय, ते कुणाला न विचारता वाढतच राहिलं असतं. पण त्या खऱ्या बॅचवर तो जाड पेनानं "बाद" लिहीत होता.

"हाक मारतात रे," काकू म्हणाल्या. "मी ती ओतून टाकते. आठही वेळा टाकली."

त्याला कळायला एक क्षण लागला. मग तो असा भडकला की शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. "दोन वर्षं, काकू! दोन वर्षं मी घरी सांगतोय, आता होईल, आता होईल! कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

'तुझ्या भल्यासाठीच' हे शब्द काकूंच्या जिभेच्या टोकावर होते. ते त्यांनी गिळले. त्याला समजवायला गेल्या नाहीत, पाणीही पुढे केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाचा तरी राग जसाच्या तसा राहू दिला.

सोमवारी लेख गेला नाही. प्रोफेसरनं नव्या बारा डिश लावल्या आणि पहारा द्यायला स्वतः बसला. चार डिशना हात लावायचा नाही. चार काकूंच्या पद्धतीनं साफ करायच्या. उरलेल्या चारही साफ करायच्या, पण त्यांचं गढूळ पाणी यंत्रात फिरवून, चुरा खाली बसवून, वरचं निवळ परत त्यांनाच द्यायचं. तो काकूंशी कामापुरतंच बोलत होता.

तीन दिवसांनी तोच ओरडला, "काकू, लवकर या!"

पहिल्या चार डिश जाग्या होत्या. काकूंनी साफ केलेल्या चार ढिम्म. आणि निवळ परत मिळालेल्या चारांतही पेशी वाढत होत्या. काकूंचे डोळे भरून आले.

"म्हणजे सूज चांगलीच म्हणायची की."

"वेळेवर ओसरली तर चांगली. वर्षानुवर्षं राहिली तर यकृत निबर करून टाकते." तो कितीतरी दिवसांनी हसला. मग त्याचं हसू हळूहळू मावळलं. "काकू, ही सफाई फक्त माझ्याच डिशची करायचात ना? माझंच काम जास्त गढूळ असायचं, म्हणून?"

त्यानं वाट काढून दिली होती. आवाजात राग नव्हता, उलट विनवणी होती. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"नाही रे," काकू म्हणाल्या. "माझा हात सगळ्यांना सारखाच."

जखमी पेशींवर काम करणारे त्याच्याआधी तिघं होऊन गेले होते. त्यांतल्या एकीनं काकूंच्याच डिशवर केलेल्या प्रबंधावर आज तिचा अख्खा विभाग उभा होता. काकूंनी पहिला फोन तिलाच लावला. प्रोफेसर उठून बाहेर जायला लागला, तर त्यांनी त्याला हातानं खुणावून बसवलं.

"अय्या, काकू! किती वर्षांनी!" पलीकडून आनंदानं ओसंडणारा आवाज आला. "निरोप समारंभाला बोलावताय ना? मी येणारच. भाषणसुद्धा मीच करणार, सांगून ठेवते."

"ते नंतर ठरव," काकू म्हणाल्या. "आधी मला बोलू दे."