एकच रेघ

काचवालीने मेजावरचं घोंगडं ब्रशने दोनदा झाडलं आणि मग त्यावरून तळहात फिरवून पाहिला. एवढासा कण राहिला तरी वर ठेवलेली काच दगा देते. नव्या वर्षाचा पहिला दिवस. वर्षातली पहिली रेघ घरातल्या थोरल्या माणसाने दुकानातल्या सर्वांत मोठ्या काचेवर मारायची आणि ती पुरी होईपर्यंत कोणी अवाक्षर काढायचं नाही, ही तिच्या सासऱ्यांपासूनची रीत.

सून पाठमोरी उभी राहून भिंतीवर कागद चिकटवत होती.

"काय गं ते? हुकूमनामा?"

"नव्या वर्षाचे संकल्प, आई. डोळ्यांसमोर असले की मन ठिकाणावर राहतं म्हणतात."

"किती आहेत?"

"अकरा."

"अकरा ठिकाणी मन ठेवलंस, तर तुझ्यापाशी काय उरेल?"

सून हसली आणि हातमोजे आणायला मागच्या खोलीत गेली.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत काचवालीला अक्षर म्हणजे मुंगीचे पाय. साठी उलटल्यावर ती वाचनालयातल्या वर्गात जाऊन शिकली. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, पण जुनी सवय जाते कुठे? तिच्यासमोर कागद उघडा ठेवायला कोणी कचरत नसे. तिने जवळ जाऊन पहिल्या ओळीला बोट लावलं.

'आईंच्या हातून काच कापायचं काम काढून घेणे. प्रेमाने.'

बोट तिथेच राहिलं.

दोन महिन्यांपूर्वी एका मोठ्या खिडकीची काच तिच्या हातून वेडीवाकडी तडकली होती. कारण तिला पक्कं ठाऊक होतं. ओढलेल्या रेघेची शंका आली, म्हणून तिने त्याच रेघेवरून काच कापायचा हिरा पुन्हा फिरवला. तसं कधी करायचं नसतं. नवऱ्याने काम शिकवताना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सुनेला मात्र वाटलं, आईंचे हात थकले. तेव्हापासून ती सारखी मागे येऊन उभी राही, आणि काचवालीचं अर्धं चित्त पाठीकडे लागलेलं असे.

सून हातमोजे चढवत आली.

"आई, यंदा पहिली रेघ मी मारू का? काच माणूसभर उंच आहे."

"थोरली कोण?"

"तुम्हीच की."

"मग मागे उभी राहू नकोस. पलीकडे जा, पट्टी धर. आणि श्वास घे बाई, तुझाच अडकलाय."

दोघींनी काच मेजावर निजवली. काचवालीने हिऱ्याचं टोक रॉकेलात बुडवलं. खांदे खाली सोडले. नजर हिऱ्यावर ठेवली नाही. रेघ जिथे संपायची होती, तिथे ठेवली. बाहेर कोणी हॉर्न वाजवला. तो बाहेरच राहिला.

रेशीम फाटावं तसा आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि थांबला. रेघेवरून पुन्हा एकदा जावं, असं तिच्या बोटांना वाटलं. तिने हिरा खिशात टाकला.

मग दोघींनी काच मेजाच्या कडेला सरकवली. काचवालीने तळहाताने दाबली. टक्.

सुनेने कडेवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"सुतासारखी आलीय."

"येणारच."

मग सून कानावरची पेन्सिल काढून भिंतीकडे गेली आणि कागद पाठीने झाकून घेतला. काचवाली पुढची काच पुसत होती. पेन्सिल खरडल्याचा आवाज आला.

"सगळी ओळ खोडू नकोस," ती मान वर न करता म्हणाली. "शेवटचा शब्द राहू दे."

पेन्सिल थांबली. सुनेचे कान लाल झाले.

"तुम्ही वाचलंत?"

"बोट लावून. एकदाच." काचवालीने फडकं झटकलं. "आता पुन्हा त्यावरून जायचं नाही. ये, पट्टी धर."