जेवणाच्या टेबलावरचं स्टेशन

आमच्या घरात जेवणाचं टेबल आहे, हे मी पाहुण्यांना नुसतं सांगते. दाखवता येत नाही. त्याच्यावर माझ्या नवऱ्याची रेल्वे आहे. दोन डोंगर, एक बोगदा, एक पूल, कापसाच्या मेंढ्या आणि दिवसभर फिरून कुठेच न पोहोचणारी एक गाडी. आम्ही तिघं, म्हणजे तो, मी आणि सासूबाई, शेजारच्या सोफ्यावर मांडीवर ताटं घेऊन ओळीने बसतो. गाडी चुकल्यासारखे.

"परवा वळणावरून मालगाडीचा डबा थेट माझ्या ताटात आला," सासूबाई येईल त्याला सांगतात. "मला वाटलं, सूनबाईंनी काहीतरी नवीन केलंय. चावला की हो मी!"

त्यामुळे नवऱ्याच्या मॉडेल क्लबचं प्रदर्शन जाहीर झालं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद मला झाला. क्लबला हॉलमध्ये कायमची ठेवायला एक रेल्वे हवी होती. आमची पसंत पडली तर ती तिकडे जाणार आणि मला टेबल मिळणार. घोडं अडलं होतं ते एकाच जागी. गाडीला स्टेशनच नव्हतं, आणि क्लबचे सेक्रेटरी अपुरं मॉडेल दारातून आत घेत नाहीत. गृहस्थ आयुष्यभर परीक्षा विभागात होते. अजूनही समोरच्याकडे असं बघतात, की आपण कॉपी केली नसली तरी केल्यासारखं वाटतं.

नवरा वर्षभर ब्लेडने स्टेशन कापत होता. तेवढ्या काळात एक भिंत झाली आणि तीन बोटांना टाके पडले.

"तुमच्या विद्यापीठात लेझर कटर आहे म्हणे," तो एकदा पट्टी बांधलेलं बोट नाचवत म्हणाला.

"मी संख्याशास्त्र शिकवते. मला कात्रीसुद्धा धड चालवता येत नाही."

"तुला काही करायचंच नाहीये. फाइल मी देतो, प्लायवूड मी देतो. तू फक्त बटण दाब. टेबल हवंय ना?"

नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं, तेही टाके पडलेलं.

विद्यापीठाच्या वर्कशॉपचे इनचार्ज 'धूरसाहेब' म्हणून ओळखले जातात. सारखे नाक वर करून कुठे जळतंय का ते हुंगत असतात. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "शैक्षणिक उपयोग काय?"

"विद्यार्थ्यांना संयम शिकवायचाय."

"बरं," ते गंभीरपणे म्हणाले. "नियम ऐका. माणशी एका सत्रात एकच काम. मशीन चालू असताना समोरून हलायचं नाही. फोन नाही, डुलकी नाही. पापणी लवली तर चालेल."

मी बटण दाबलं. झाकणाच्या काचेखाली निळसर ठिणगी पळायला लागली. एक इवलासा चौकोन. शेजारी दुसरा. मग तिसरा. मला वाटलं, सुरुवातीला हात साफ करत असेल, मग मोठं काही कापेल. पण ते लेझर किराणा दुकानदारासारखं नेटाने पुड्या बांधत बसलं होतं. चौकोन, चौकोन, चौकोन. बऱ्याच वेळाने धूरसाहेब माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, हे इतकं बारीक काय कापताय?"

"स्टेशनची भिंत."

"ही भिंत नाही. विटा आहेत. प्रत्येक वीट आरपार चाललीय." त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "लाल रेघ म्हणजे आरपार काप. काळी रेघ म्हणजे वरवर खूण. हे इथे पाटीवर लिहिलंय, दारावर लिहिलंय, मशीनवर लिहिलंय. तुम्ही सगळ्या विटा लाल काढल्यात."

मी त्यांची परवानगी घेऊन नवऱ्याला फोन लावला. "विटा लाल का काढल्यास?"

"मग काय हिरव्या काढू?" तो म्हणाला. "विटा लालच असतात."

मी फोन ठेवला आणि मशीन थांबवा म्हटलं. चारही भिंतींचा भुगा झाला होता. शाबूत राहिलं होतं ते फक्त छप्पर, कारण ते त्याने काळं काढलं होतं आणि मशीनने त्याच्यावर नुसती कौलं कोरून सोडून दिलं होतं. थोडक्यात, जे कापायचं ते कोरलं आणि जे कोरायचं ते कापलं.

"परत करू ना?" मी विचारलं.

"पुढच्या सत्रात, म्हणजे सहा महिन्यांनी," धूरसाहेब म्हणाले. "आणि खालच्या ट्रेमध्ये पडलेली वीट न् वीट काढून न्या. आत काही राहिलं तर पेट घेतं."

संख्याशास्त्राची प्राध्यापिका गुडघ्यांवर बसून, ब्रश घेऊन, मशीनच्या पोटातून विटा झाडत होती. दारातून माझेच दोन विद्यार्थी बघून गेले. संयमाचा धडा झाला म्हणायचा.

घरी येऊन विटांची पिशवी नवऱ्यापुढे आदळली. वाटलं, डोक्याला हात लावेल. त्याने चिमट्याने एक वीट उचलली, दिव्यापुढे धरली, आणि त्याचे डोळे चमकले.

"अगं, प्रत्येक वीट सुटी! आता खरीखुरी भिंत रचता येईल. एकेक वीट चिकटवून."

"प्रदर्शन शनिवारी आहे."

"या वर्षीचं सोड गं. अशी भिंत क्लबमध्ये कुणाकडेच नाही."

"बांध बाबा, बांध," सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या. "मी वर जायच्या आत निदान तिकिटाची खिडकी होऊ दे."

मी पिशवी उचलली आणि स्टेशनच्या मोकळ्या जागेवर सरळ उपडी केली. विटांचा ढीग झाला. भोवती काड्यापेटीतल्या काड्यांची परांची उभी केली, बांधकामाला बांबू बांधतात ना, तसली. कौलं कोरलेलं प्लायवूड छप्पर म्हणून बाजूला टेकवून ठेवलं आणि पुढे पाटी लावली : 'स्टेशनचं काम चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

"ही फसवणूक आहे!" नवरा ओरडला.

"खऱ्या स्टेशनवर जाऊन बघ."

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी तपासणीला आले. भिंग काढून बराच वेळ वाकून बघत राहिले. "हे अपूर्ण आहे."

"स्टेशन अपूर्ण आहे, साहेब," मी म्हटलं. "अपूर्ण स्टेशनचं मॉडेल पूर्ण आहे."

ते सरळ झाले. पुन्हा वाकले. उत्तर चुकीचं वाटत होतं, पण मार्क कुठे कापायचे ते सापडेना. शेवटी म्हणाले, "कामावर एकही मजूर काम करताना दिसत नाही."

"म्हणून तर हुबेहूब वाटतंय."

पास झालो. नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी ते दोन दिवस टेबलक्लॉथ निवडण्यात घालवले.

शनिवारी क्लबचे चार जण रेल्वे न्यायला आले. चौघांनी चार कोपरे धरले, "एक, दोन, तीन" म्हणाले आणि उचललं. रेल्वे उचलली गेली. तिच्याबरोबर टेबलही उचललं गेलं.

"हे काय?" मी विचारलं.

"गाडी धावताना थरथर व्हायची," नवरा मेंढ्यांकडे बघत म्हणाला. "म्हणून मी फळी टेबलाला स्क्रूने आवळलीय."

"मग काढ की स्क्रू."

"ते डोंगरांखाली आहेत. डोंगर फोडावे लागतील."

फोड म्हटलं. तर चौघंही माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी घरातलं माणूस फोडायला सांगितलंय. टेबल दारातून तिरकं होऊन निघून गेलं. सोफ्यासमोर चार पायांचे चार ठसे राहिले.

दुपारी मी जेवणाचे डबे घेतले, सासूबाईंना घेतलं आणि प्रदर्शनात गेले. स्टेशनभोवती ही गर्दी. विटांचा ढीग बघून लोक "वा, वा" करत होते. नवरा छाती काढून उभा होता आणि "कल्पना माझीच" असं सांगत होता. मी दोन खुर्च्या ओढल्या, पुलाच्या अलीकडे फळीबाहेर टेबलाची वीतभर कड दिसत होती तिथे डबे मांडले आणि झाकणं उघडली.

सेक्रेटरी धावत आले. "मॅडम, मॉडेलला हात लावायला मनाई आहे!"

"मॉडेलला नाही लावत. टेबल माझं आहे."

"अहो, पण हे आता कायम इथेच राहणार."

"हो ना. म्हणून मीही रोज दुपारी येणार. सासूबाई रात्रीच्या जेवणालाही येतील."

"रात्री हॉलला कुलूप असतं."

सासूबाईंनी घास गिळला आणि हात पुढे केला. "मग किल्ली द्या."