दोन बोटांची उंची

दादांची बायको वारली आणि पलीकडच्या खोलीत ते एकटे उरले. पाय अधू, वॉकरशिवाय पाऊल उचलत नसे. वाटणीच्या वेळी शब्दाने शब्द वाढला होता आणि दोघा भावांनी घराच्या मधोमध भिंत घातली होती. आता ती धाकट्यानेच पाडायला लावली.

"दादा, जेवायला-झोपायला इकडेच ये," एवढंच तो म्हणाला होता.

भिंत पडली, राडारोडा उचलला, तेव्हा दोन्हीकडच्या जमिनी जुळेनात. धाकट्याची बाजू दोन बोटं उंच. भांडणाच्या वर्षी त्याने जुन्या सिमेंटच्या कोब्यावर जाड माल टाकून चकचकीत टाइल्स बसवल्या होत्या. दादांकडे अजून कोबाच.

फरशीवाल्याने मधोमध पाणसळ ठेवली. "बघा, बुडबुडा रुसलेल्या जावयासारखा कोपऱ्यात जाऊन बसलाय."

कोणी हसलं नाही.

"मग दादाची बाजू उचला," धाकटा म्हणाला.

"उचलली तर त्यांच्या न्हाणीघराच्या दाराशी पायरी पडेल. वॉकर घेऊन रोज कसे उतरतील? त्यापेक्षा तुमच्या टाइल्स काढू. खालचा कोबा दोघांचा एकच आहे. त्यावर पातळ टाइल इथून तिथवर सलग बसवतो."

"नको, नको," दादा घाईने म्हणाले. "माझ्यापायी चांगली फरशी फोडू नका. मध्ये उतरण करा, मी येईन हळूहळू."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. टाइल्स तिच्या पसंतीच्या, आणि आपली बाजू उंचच हवी हा हट्टही तिचाच. ती तडक आत गेली. झालं, ये रे माझ्या मागल्या, असं त्याला वाटलं. पण ती डोक्याला रुमाल बांधून बाहेर आली आणि फरशीवाल्याच्या हातातून छिन्नी-हातोडा घेतला.

"उतरणीवर घसरलात तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं?" म्हणाली, आणि पहिली टाइल तिनेच फोडली.

मग कोबा खरवडून झाडला, खड्डे भरले, दोरी ताणली. फरशीवाला टाइल टेकवायचा, रबरी हातोडीने ठोकायचा, पाणसळ लावायचा. एक पोकळ वाजली, ती उचलून पुन्हा बसवली. दादा खुर्चीवरून "तो कोपरा वर आलाय बघ" म्हणत राहिले, आणि बहुतेक वेळा तो खरंच आलेला असायचा.

टाइल्सचे सांधे वाळल्यावर दादा जेवायला निघाले. भिंत होती तिथे थांबले.

"इथे पाठ टेकून बसायची तुझी वहिनी," ते म्हणाले. "तुमच्याकडचे आवाज ऐकत. म्हणायची, घर भरलेलं वाटतं."

धाकट्याच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला, मग दादांच्या कोपराला हात दिला. वॉकर कुठेही न अडता टेबलापर्यंत आला.

तिघं जेवायला बसले. ताट-वाट्यांचे आवाज होत होते.

"वाढू अजून?" तिने विचारलं.

"वाढ," दादा म्हणाले.