चौथ्या खणातली रेघ

"लस नीट दिली नसणार तुम्ही," पशुरोग प्रयोगशाळेचे मोठे डॉक्टर आत्याला तोंडावर म्हणाले, तेव्हा भाची शेजारच्याच टेबलावर नमुने लावत होती. आत्याच्या शेडमधल्या कोंबड्यांना आठवडाभर रक्ताची हगवण लागली होती आणि त्या पटापट मरत होत्या.

"माझ्या हाताने पाण्यातून पाजली हो, थेंब सांडू दिला नाही."

"मग ज्यावर लस दिली तोच परजीवी आतड्यात कसा? सूक्ष्मदर्शकात स्वच्छ दिसतोय."

चार माणसांत कधी हार न मानलेली बाई खाली मान घालून निघून गेली, हे भाचीच्या जिवाला फार लागलं.

तिने धीर केला. "सर, या परजीवीच्या बऱ्याच जाती आहेत. दिसायला जवळजवळ सारख्या. आपली लस चालते फक्त तीन जातींवर. डीएनए तपासून बघू का?"

"बघ. पण रोजचं काम सांभाळून."

जेवणाच्या सुट्टीत ती कामाला लागली. डीएनए सापडला की जेलच्या पातळ चकतीवर रेघ उमटते; पहिल्या दिवशी जेलवर काहीच उमटलं नाही. दुसऱ्या दिवशीही शुकशुकाट. परजीवीचं कवच असं चिवट, की कुठलंच रसायन त्याला फोडून आतला डीएनए बाहेर काढेना.

"तुझ्या आत्याच्या वळणावर गेलंय," सहकारी मैत्रीण म्हणाली. "गोडीगुलाबीने ऐकायचं नाही."

भाची हसली आणि हसता हसताच थांबली. गोडीगुलाबी नाही, तर दणके! तिने नळीत रव्याएवढे काचेचे मणी घातले, नळी यंत्रात बसवली आणि पाच मिनिटं नुसती गदगदा हलवली.

त्या दुपारी जेल निळ्या उजेडाखाली धरलं; त्यात एकेका जातीच्या चाचणीला एकेक खण होता. लसीतल्या तीन जातींचे खण रिकामे. चौथ्या खणात मात्र ठसठशीत रेघ! लसीत नसलेली जात.

"परत कर," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले.

"तीन वेगळ्या नळ्यांत केलंय, सर. नुसत्या पाण्याचा खणही कोरा आहे, म्हणजे भेसळ नाही."

डॉक्टरांनी जेल पुन्हा उजेडाखाली धरून एकेक खण तपासला. मग त्यांनी स्वतः फोन उचलला. "ताई, तुम्ही लस बरोबर दिलीत. लसच अपुरी होती. मी उगाच तुम्हाला बोललो, माफ करा."

चौथ्या जातीवर चालणारं औषध दिलं आणि मर थांबली. पुढच्या खेपेच्या पिलांना चारही जातींवरची लस मिळाली. ती खेप अशी ठणठणीत वाढली, की शेजारचे शेडवाले चौकशीला येऊ लागले. त्यांच्या अकरा शेडांचे नमुने तपासले; सातांत तीच चौथी जात निघाली.

डॉक्टरांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं आणि माईक भाचीच्या हातात दिला. तिचा 'नमस्कार' जेमतेम पहिल्या रांगेपर्यंत पोचला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आत्या कडाडली, "अगं, खणखणीत बोल! मागच्यांनाही कळू दे, कुणी शोधलं ते!"

सभागृह हसलं. भाचीही हसली, आणि पहिल्या वाक्यापासून शेवटच्या टाळीपर्यंत तिचा आवाज एकदाही अडखळला नाही.