मागच्या गाडीचा हॉर्न

गिरिजाला झोपू द्यायचं नव्हतं. नांदेडच्या दवाखान्यातल्या बाईंनी फोनवर तीनदा बजावलं होतं. तपासणीच्या वेळी लेकरू गाढ झोपलेलं पाहिजे, म्हणून त्या दिवशी तिला लवकर उठवा आणि इथं येईपर्यंत डोळा लागू देऊ नका. झोपल्यावर डोक्याला तारा चिकटवतात, कानात बारीक आवाज सोडतात, आणि तो आवाज आत पोचतो की नाही ते यंत्रावर दिसतं. बाराची वेळ मिळाली होती.

एसटीत बसलं की गिरिजा पाच मिनिटांत झोपते, म्हणून मी गाडी काढली. लातूर ते नांदेड एकटीनं चालवायची माझी ही पहिलीच वेळ. माझा नवरा उमाशंकर नांदेडला बँकेत आहे, शनिवारी संध्याकाळी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. तो म्हणाला होता, "बाराला जमलं तर येतो दवाखान्यात. साहेब यायलेत त्या दिवशी."

सासूबाईंना हे सगळंच पटलेलं नव्हतं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आमचा उमाशंकर साडेतीन वर्षं बोललाच न्हाई. आता बग, दिवसभर गिऱ्हाइकांसंगं बोलून बोलून घसा बसतो त्याचा. लेकराला मशीनला कशाला जोडायलीस?"

मला वाद घालता येत नाही, पाहत बसायला येतं. गिरिजाच्या जन्मापासून अडीच वर्षं मी तेच करत आलेय. कुकरची शिट्टी झाली की गिरिजा स्वयंपाकघराकडे बघते, पण त्याआधी मी बघितलेलं असतं. ताट पडलं की दचकते, पण ताट पडल्याचा हादरा फरशीतून पायाला लागतोच. ती गादीवर बसलेली असताना मी एकदा मागून टाळी वाजवली होती. ती वळली नाही. मग मी स्वतःला समजावलं, की खेळात आहे. पुन्हा टाळी वाजवायचं धाडस केलं नाही. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. यंत्र काय सांगायचं ते सांगेल, तोवर आपण सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. तोवर म्हणजे त्या दिवशी दुपारी बारापर्यंत.

मागच्या सीटवर तिची खुर्ची बांधलेली होती. मला समोर बघताना ती दिसावी म्हणून मी वरच्या आरशाखाली आणखी एक छोटा आरसा चिकटवून घेतलाय. उमाशंकर त्याला हसतो. म्हणतो, "पुढं कमी आणि मागं जास्त बघतीस तू." त्या दिवशी त्या आरशात तिच्या पापण्या जड झाल्या की मी डावा हात मागे नेऊन तिचं पाऊल हलवायची. दर वीसेक किलोमीटरला थांबून ओल्या रुमालानं तोंड पुसायची. गाणी म्हणून बघितली नाहीत. ती म्हणून काही होत नाही हे माहीत होतं, एवढंच.

अहमदपूर मागे पडलं. दोन्हीकडे तुरी फुलल्या होत्या. पुढे कुठल्यातरी पुलाचं काम निघालेलं, म्हणून एका बाजूचा रस्ता बंद करून येणारी-जाणारी सगळी वाहनं दुसऱ्या बाजूला घातली होती. तिथं ती पांढरी गाडी मागे लागली.

आधी तिची नंबर प्लेट दिसत होती. मग प्लेट दिसेनाशी झाली, मग दिवे दिसेनासे झाले, आणि आरशात उरली फक्त काच आणि काचेमागे गॉगल लावलेला एक माणूस. मी साठवर होते. म्हटलं, असल्याला जाऊ द्यावं. समोरून लांबपर्यंत कुणी येत नव्हतं. मी उजवा इंडिकेटर दिला आणि जरा हळू झाले.

हे मला माहेरी अप्पांनी शिकवलेलं. उदगीरच्या मोंढ्यात आमचा धान्याचा व्यापार. मी बी.एस्सी.ला असताना अप्पांनी मोंढ्यातल्या टेम्पोवरच मला स्टेअरिंग धरायला शिकवलं. ते म्हणायचे, "मागच्याला वाट मोकळी दिसत नसती. तू उजवा दिवा दिला म्हंजे त्याला कळतं, ये बाबा, रस्ता रिकामा हाय." टेम्पोवाले, ट्रकवाले सगळे असंच करतात. मला वाटायचं, पुस्तकातही असंच असणार.

तो पुढे गेला नाही. उलट तोही हळू झाला आणि मागेच राहिला. मी आणखी हळू झाले, इंडिकेटर चालूच ठेवला. उजवीकडे कुठल्याशा गावाचा फाटा आला आणि गेला. आणि मग त्यानं हॉर्न दाबला.

साधा हॉर्न नव्हता. ट्रॅव्हल्सच्या गाड्यांना असतो तसला, पिपाणीसारखा, बराच वेळ चालणारा. माझे खांदे आपोआप कानापर्यंत वर गेले. समोरून मोटरसायकलवर नवरा-बायको येत होते, दोघांनी वळून बघितलं. बांधावरच्या बगळ्यांनी जागा सोडली.

मी सवयीनं छोट्या आरशात बघितलं. ती घाबरली असेल, तिला हात लावावा, म्हणून बघितलं.

गिरिजा बिस्किटाच्या पुड्याचा कागद दोन बोटांनी फाडत होती. लांब, सरळ पट्टी निघत होती आणि तिचं सगळं लक्ष त्या पट्टीवर होतं. मान हलली नाही. बोटं थांबली नाहीत.

त्यानं पुन्हा दाबला. पट्टी आणखी लांब झाली.

आता मला डावीकडे सरकता आलं असतं. मुरमाची बाजू होती, जागा होती. कुठल्याही शहाण्या बाईनं साईड दिली असती, आणि मी तर गाडी उभी असली तरी दोनदा ब्रेक तपासणारी. पण मी सरकले नाही. इंडिकेटर बंद केला, रस्त्याच्या मधोमध आले आणि चाळीसवर आणली. मग पस्तीस. मागची डावी काच खाली केली, तिच्या कानाच्या बाजूची.

वाजव, असं मी मनात म्हणत होते. अजून वाजव.

त्यानं वाजवला. लाईट मारले. डावीकडून घुसायला बघितलं, मी डावीकडे घेतली. उजवीकडून बघितलं, समोरून ट्रक आला. तो शिव्या देत होता, ओठ दिसत होते. एरवी मी घाबरून गाडी थांबवून रडले असते. तेव्हा मला त्याची भीती वाटतच नव्हती. मला तो मागे हवा होता. ती एकदा वळेपर्यंत, एकदा नुसती पापणी लवेपर्यंत, तो मागे राहायला हवा होता. चार-पाच किलोमीटर आम्ही तिघं तसे गेलो. तिनं पुडा संपवला आणि बाहेर तुरीकडे बघत बसली.

पुलाचं काम संपलं, रस्ता रुंद झाला. तो झपकन उजवीकडून निघाला, मला मुरमावर दाबत पुढे आडवा आला आणि करकचून ब्रेक मारला.

मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. पट्टा छातीत रुतला. पाण्याची बाटली मागून उडून माझ्या खांद्यावर आदळली. गाडी थांबली तेव्हा त्याच्या मागच्या काचेवरचं 'कस्तुराबाई' हे नाव इतकं जवळ होतं की काचेतून हात घातला असता तर लागलं असतं. आईचं नाव असणार.

गिरिजा रडायला लागली. हादरा तिला कळला होता.

तो उतरून आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गॉगल आता कपाळावर.

"ओ म्याडम, ऐकू येत न्हाई का? बहिऱ्या हाव का?"

मी हँडब्रेक ओढून गाडी बंद केली.

"पाच किलोमीटर हॉर्न द्यायलो मी. आधी उजवा इंडिकेटर दाखवायलाव, म्हटलं बाई वळायली, वळू द्यावं. तर वळत बी न्हाईत. मग सरकत बी न्हाईत. रस्ता काय माहेरानं आंदण दिलाय का तुमाला?"

"उजवा तुम्हाला पुढे जा म्हणून दिला होता."

"उजवा? पुढं जायला?"

"आमचे अप्पा तसाच देतात. टेम्पोवाले देतात."

"टेम्पोवाला टेम्पोवाल्याला देतो, त्येंचं त्येंला कळतं. कारमधल्या बाईनं दिला तर आमी काय समजावं?" मग त्याला पुन्हा राग आठवला. "अन् नंतर? नंतर आडव्या-आडव्या चालवत होत्या ते काय अप्पांनीच शिकवलं का?"

"तुम्ही समोर येऊन ब्रेक मारलात. लेकरू आहे गाडीत."

त्यानं मागच्या उघड्या काचेतून आत बघितलं. गिरिजाचं रडणं थांबत आलं होतं, ती त्याच्या गॉगलकडे बघत होती. त्याचा आवाज खाली आला. "लेकरू हाय तर सरकायचं नं, ताई. मी काय जीव घ्यायला निघालोय व्हय?"

मी दार उघडून खाली उतरले. पायाशी पडलेली बाटली मागे गिरिजाच्या हातात दिली.

"दादा, एक काम करता का? तुमचा हॉर्न वाजवा एकदा."

"चेष्टा करायलाव का माझी?"

"नाही. बाराला हिच्या कानाची तपासणी आहे नांदेडला. गाडी चालू असताना मला नीट कळलं नाही. हादरे बसतात. आता गाडी बंद आहे. एकदाच वाजवा."

त्यानं माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि त्याच्या गाडीकडे गेला. मी गिरिजाच्या खुर्चीमागे, डिकीपाशी जाऊन वाकून उभी राहिले. माझा चेहरा तिला दिसायला नको होता. माझ्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळतं. काचेतून मला फक्त तिचा एक कान आणि गालाचा तुकडा दिसत होता.

त्यानं लांब हॉर्न दिला. रस्त्यापलीकडे चरणाऱ्या म्हशीनं मान वर केली. गिरिजा बाटलीचा पट्टा चोखत होती. त्यानं तुटक तुटक दोनदा दिला. मग इतका वेळ दाबून धरला की मला माझे कान झाकावेसे वाटले. मी झाकले नाहीत. तिनं पट्टा तोंडातून काढला, उलटा केला आणि पुन्हा चोखायला लागली.

हॉर्न थांबला. तो परत आला तेव्हा मी अजून तशीच वाकून होते. तो मागच्या काचेपाशी वाकला आणि तिच्या कानाशी चुटकी वाजवली. तिला त्याचा हात दिसला. ती त्याच्याकडे बघून हसली, आणि तोही हसला, पण लगेच माझ्याकडे वळला आणि हसणं मिटलं.

"ताई, माझा हॉर्न जरा बसलाय," तो म्हणाला. "गॅरेजला दाखवायचाच व्हता."

"हो," मी म्हणाले.

"आवाज फाटतो त्येचा. मोठ्या माणसाला बी समजत न्हाई कवा कवा."

"हो ना."

"मशीनवर नीट कळंल." तो गॉगल काढून शर्टाच्या टोकानं पुसत राहिला. तो स्वच्छच होता. "संगं कुणी न्हाई का तुमच्या?"

"नांदेडला आहेत हिचे बाबा."

"मग बरं." आणखी काही सांगायचं असावं तसा तो घोटाळला. मग गाडीत बसला आणि इंडिकेटर देऊन सावकाश रस्त्यावर गेला. बराच वेळ तो मला दिसत राहिला. पुढे चढ होता, तिथं दिसेनासा झाला.

रस्ता रिकामा होता. मी गिरिजाशेजारी बसले. तिचं तोंड पुसलं. "गिरू," मी म्हटलं, तिच्यामागून, तिच्या केसांत तोंड घालून. मग पुढून म्हटलं, आणि तिनं लगेच माझ्या ओठांना बोट लावलं.

फोन वाजला. उमाशंकर होता. मागे बँकेतला गलका, टोकनचे नंबर पुकारणारी यंत्रातली बाई.

"कुठवर आलीस?"

"अहमदपूरच्या पुढं."

"झोपली न्हाई ना ती?"

"नाही." आणि मग माझ्या तोंडून ते निघालंच. अडीच वर्षांत पहिल्यांदा, मुरमावर गाडी उभी करून. "अहो, गिरूला ऐकू येत नाही."

पलीकडे दोन नंबर पुकारले गेले.

"तपासणी झाली का?"

"बाराला आहे."

"मग तुला कोण म्हणालं?"

"रस्त्यात एकांनी बघितलं तिला."

"डॉक्टर होते का ते?"

"नाही," मी म्हणाले. "घाईत होते."