भिंतीपलीकडचं बटण

"महादेवे, सांग त्यास्नी. माझ्या भिंतीला सुईएवढं बी भोक पडलं, तर त्या भोकातून मी उंदराचं औषध सोडीन."

कल्याणराव असं म्हणला आन् गुळाच्या ढेपीवरच्या माशा हाकलीत बसला. महादेवी काकूनं तोंड भिंतीकडं केलं आन् म्हणली, "भावजी, ते म्हणत्यात भोक पाडू नका." उंदराचं तेवढं तिनं गाळलं. गाळून काय फायदा न्हवता. भिंत वर पत्र्याला टेकलेलीच न्हाई, हातभर फट हाय. पलीकडं राजेश्वरानं अक्षर न् अक्षर ऐकलं होतं. पण काकू बोलोस्तर तो गप बसला, आन् ती बोलल्यावर, जसं काय आत्ताच कळलं, असा तापला.

"वहिनी, त्यास्नी इचारा, टेलिफोन काय त्यांच्या बापाचा हाय का?"

होताच की. बाप दोघांचा एकच होता. काकूच्या ते ओठावर आलतं, पण तिनं इचारलंच न्हाई. तिनं डाळ निवडायला घेतली.

चार वर्षं असंच चालू होतं. तलवाड्यात ह्या दोघा भावांचं एकच दुकान होतं. वाटणी झाली तवा दुकानाच्या मधोमध एका इटेची भिंत घातली. ह्या अंगाला थोरल्या कल्याणरावाचं किराणा, त्या अंगाला धाकट्या राजेश्वराची स्टीलची भांडी. भिंतीचा खर्च थोरल्यानं केला म्हणून भिंत त्याची. टेलिफोनची लाइन बी त्याच्याच अंगाला राहिली. आन् त्या दिवशी राजेश्वरानं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून शपथ घेतली, की माझ्या घरातलं एक बी माणूस ह्याच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकणार न्हाई. तवापासून दोघं भाऊ एकमेकाशी बोलत न्हवते. म्हणजे बोलत होते, दिवसातून धा येळा बोलत होते, पण मधी काकू लागायची.

आता ह्या भोकाचं, त्यातून न्यायच्या तारेचं. तार पाहिजे होती कावेरीला. कावेरी म्हणजे राजेश्वराची थोरली पोरगी, चोवीस वर्साची. आष्टीला दिलती. चौदा महिन्यामागं परत आली ती उजवं मनगट मोडून. मनगट जुळलं, पण वाकडं जुळलं, कळशी उचलताना हात बदलावा लागतो. नवरा दोनदा न्यायला आलता. दोन्ही येळेस लई गोड बोलला. गोड बोलणारं माणूस कावेरीला तवापासून नकोच वाटतंय.

लग्नाच्या आधी तिनं गेवराईला कम्प्युटरचा कोर्स केलता. आन् सरकारचं दाखल्याचं केंद्र निघणार होतं, आसपासच्या सात गावांत मिळून एक. उत्पन्नाचा दाखला, रहिवाशी दाखला, सगळं तिथं छापून मिळायचं. तिनं अर्ज केला. राजेश्वर म्हणला, केंद्र मिळालं तर तुझ्या नावानं चालव, जल्मभर इथं रहा, कुणी काय म्हणणार न्हाई. न्हाई मिळालं तर आष्टीच्या माणसांस्नी बैठकीला बलीवतो, गुमान नांदायला जायाचं. धाकटी शिवकन्या लग्नाला आलीया, थोरली घरात असली की तिला कोण इचारणार. हे त्यानं रागानं न्हाई सांगितलं. भांडी पुसता पुसता सांगितलं. ते जास्त वंगाळ होतं.

अर्जाला अट अशी, की जागा पाहिजे, कम्प्युटर पाहिजे, नेट पाहिजे, प्रिंटर पाहिजे, आन् तपासायला येणाऱ्या साहेबाच्या डोळ्यापुढं एक कागद छापून निघाला पाहिजे.

नेटचं काकूनं जमवलं. टेलिफोनवाल्या माणसाला तिनं गुपचूप बलीवलं, आन् नेटचा डबा किराणाच्या वरच्या फळीवर, काडेपेट्याच्या मागं बसवून घेतला. कल्याणरावाला दिसला, पण तो न दिसल्यावानी बसला. मात्र तार भिंतीतून काढायची म्हणल्यावर उंदराचं औषध आलं. मग तो टेलिफोनवाला म्हणला, तार कशाला, हवेतून जातंय की. त्यानं कावेरीच्या कम्प्युटरला बोटाएवढं यंत्र लावलं, पासवर्ड घातला, चालू करून दाखवलं, आन् तो पासवर्ड किराणातल्या कॅलेंडरच्या कोपऱ्यावर लिहून गेला. महिना पलटल्यावर कल्याणरावानं ते पान फाडलं आन् त्यात कुणाला तरी जिरं बांधून दिलं. भित्ताडावरच्या कागदाचा किराणावाले दुसरा काय उपयोग करणार.

साहेब शुक्रवारी येणार होता. राजेश्वर मंगळवारी बीडला जाऊन प्रिंटर घिऊन आला, एसटीत मांडीवर ठिवून. हा बी बिनतारी. खोक्यात तार न्हवतीच. दुकानदाराला इचारलं तर तो हसला म्हणं, अहो बिनतारी हाय, तार काय करता. बुधवारी सकाळी कावेरीनं खोकं फोडलं आन् तवाच साहेबाचा फोन आला, की शुक्रवारी मीटिंग हाय, आजच येतो, अकराला.

तिनं खोक्यातली पोथी काढून चित्रं बघितली. प्रिंटरला पासवर्ड सांगायचा तर पासवर्ड जिऱ्यासंगं गेलेला. दुसरी एकच वाट होती. नेटच्या डब्याच्या मागचं बारकं बटण दाबून सोडायचं, आन् दोन मिनिटाच्या आत प्रिंटरवरचं बटण दाबायचं. दोघं आपोआप एकमेकाला वळखत्यात. कावेरीनं पोथी बापाला दाखवली. त्यानं दोन बटणाकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं. महादेवी काकू पंधरा दिवसांपासनं माजलगावला, पोरीच्या बाळंतपणाला गेलती. पंधरा दिवस भिंतीच्या दोन्ही अंगाला मसनवट झाली होती.

साहेब अकराला आला. मोटारसायकलवर, हेल्मेट काखेत, खिशाला दोन पेन. माणूस वाईट न्हवता. चहा घेतला, जागा बघितली, फॉर्मवर जागेपुढं खूण केली, कम्प्युटरपुढं खूण केली. नेट चालतंय का बघितलं, चालत होतं, तिथं बी खूण केली. मग म्हणला, काढा ताई एखादा कागद.

राजेश्वरानं बाहेर जाऊन म्हाळूला धरलं. म्हाळू गावातलंच गिऱ्हाईक, कल्याणरावाकडं साखर न्यायला आलता. त्याला सांगितलं, आत जा आन् म्हणाव फळीवरच्या डब्याचं बटण दाबा. इकडं कावेरीनं प्रिंटरचं बटण दाबलं. निळा दिवा लुकलुकायला लागला. तिकडं म्हाळूनं आधी साखर मागितली. कल्याणरावानं साखर तोलली, पुडी बांधली, मग म्हाळूला बटणाचं आठवलं. कल्याणरावानं इचारलं कुठलं बटण. म्हाळू इचारायला माघारी आला. राजेश्वर म्हणला मागचं. म्हाळू गेला. कल्याणराव म्हणला, आन् सांगितलं कुणी तुला? म्हाळू परत आला. तवर दिवा लाल झालता.

कावेरीच्या डोक्याची शीर तडतडली. ती उठली, बाहेर गेली आन् काकाच्या दुकानापुढं वट्ट्यावर उभी राहिली. उंबऱ्याच्या बाहेर. बापाची शपथ तिनं न्हवती घेतली, तरी पाय आपोआपच तिथं थांबला, आन् त्याचा बी तिला राग आला.

"काका, त्या डब्याच्या मागं बारकं बटण हाय. ते दाबा."

"बापाला काय तोंड न्हाई का?"

"तोंड हाय. ते भांड्यात घालून बसल्यात. काका, साहेब बसलाय. कागद निघाला न्हाई तर रविवारी आष्टीची माणसं मला न्यायला येत्यात."

 चार वर्सात कल्याणरावानं ह्या पोरीकडं नीट बघितलंच न्हवतं, गिऱ्हाईक बघतंय तसं बघितलं असंल. आता तिनं चौकटीला हात लावलेला, उजवाच. मनगट जिथं सरळ जायला पाहिजे तिथून बाहेर जात होतं. त्यानं तराजूतलं माप काढून खाली ठिवलं. मग स्टूल वढलं, धोतर खोचलं आन् वर चढला. साठीचं माणूस, गुडघे वाजले.

"जा," म्हणला. "जाऊन बस तिथं. मी दाबतो."

कावेरी पळत आली. प्रिंटरचं बटण दाबलं. निळा दिवा लुकलुकला. साहेब घड्याळ बघत होता. बाराला लाइट जाणार होती, तलवाड्यात ते सगळ्यांस्नी मालूम हाय. एवढ्यात भिंतीच्या वरनं, पत्र्याच्या फटीतून आवाज आला.

"राजेश्वर, किती येळ दाबायचं रं?"

दुकानात सगळं थांबलं. म्हाळू साखरेची पुडी घिऊन दारात उभा होता, तो तसाच उभा राहिला. चार वर्सात थोरल्यानं धाकट्याचं नाव तोंडातून काढलं न्हवतं. राजेश्वराच्या हातात परात होती. त्याचं तोंड उघडलं. उघडंच राहिलं. कावेरीला सांगता आलं असतं, तिला तर पाठ होतं. पण काकानं नाव तिचं न्हवतं घेतलं. तिला वाटलं आता बाप बोलणार. चार वर्सं ज्याची वाट बघितली ते आता हुणार, आन् मधी आपण कावून तोंड घालावं. ती बापाकडं बघत राहिली. साहेब दोघांकडं बघत राहिला, त्याला कायच कळंना.

राजेश्वरानं भिंतीकडं बघितलं. मग परात खाली ठिवली, आन् पोरीकडं वळून म्हणला, "कावेरे, सांग त्यास्नी, नुस्तं दाबून लगीच सोडा म्हणाव."

"काका सोडा," कावेरी वरडली, "सोडा ते."

"पीप वाजंना की अजून," पलीकडून कल्याणराव म्हणला.

गेल्या साली दोन इलेक्शनी झाल्या. दोन्ही येळेस गावात माणूस येऊन शिकवून गेलता, बटण दाबायचं आन् पीप वाजोस्तर अंगठा काढायचा न्हाई, न्हाईतर मत जात न्हाई. कल्याणरावानं तसंच दाबलं होतं. मनापासून. सगळा जीव अंगठ्यात आणून. ह्या डब्याला पीप न्हवतीच. तो डबा लई येळ दाबला की सगळं इसरतो, नाव, पासवर्ड, टेलिफोनवाल्यानं भरलेलं सगळं. डब्यावरचे दिवे एकदम गेले, परत लागले, आन् त्यातला एकटाच लुकलुकत राहिला.

इकडं कम्प्युटरच्या कोपऱ्यातल्या खुणेवर फुली आली. कावेरीनं बंद करून चालू केलं. फुलीच. आता प्रिंटर तर न्हाईच, नेट बी गेलं. तिनं साध्या बटणाच्या मोबाइलवरनं टेलिफोनवाल्याला फोन लावला. तो म्हणला, आठ दिवसानं येतो, परत सगळं भरावं लागंल, ते घरच्या माणसाच्या हातचं न्हाई.

"काय झालं?" कल्याणरावानं इचारलं. ह्या येळेस कुणाचं नाव न्हाई घेतलं.

"सांग त्यास्नी," राजेश्वर पोरीला म्हणला, "वाटोळं झालं म्हणाव."

"सांग तुझ्या बापाला, मी इचारलं तवा बोलला असता तर झालं नसतं."

"सांग त्यास्नी, अंगठा त्यांचा होता."

"सांग त्याला, स्टुलावर चढलो मी, साठीचा माणूस, तुझ्यासाठी."

दोघं बी कावेरीलाच सांगत होते. काकू न्हवती तर आता तिचं काम हिच्याकडं आलं. ती कुणालाच काय सांगत न्हवती. काय सांगायचं होतं, दोघांस्नी दोघांचं ऐकू येतच होतं. दोघांच्या आवाजात रडू होतं आन् दोघं ते शिवीगत बाहेर काढत होते. प्रिंटर नवा कोरा, वरचं प्लास्टिक बी अजून काढलं न्हवतं. तिनं मधल्या मधी त्याच्यातला कोरा कागद हातानं वढून काढला, दोन्ही बाजूनं बघितला आन् परत ठिवला.

साहेबानं फॉर्म मांडीवर घेतला होता. छपाईच्या पुढं तो पेन धरून थांबला. कावेरी म्हणली, साहेब, शुक्रवारी या, सोमवारी या, मी तार घिऊन येते, आत्ता गेवराईला जाते आन् तार घिऊन येते. साहेब म्हणला, नेट तरी कुठून आणणार?  मग म्हणला, ताई, माझ्या हातात असतं तर केलं असतं, पण रिपोर्ट आजच जातो, आन् पुढच्या गावात सगळं तयार हाय म्हणून फोन आलाय.

त्यानं फुली मारली. लहान मारली, जरा तिरपी, जशी कुणाला दिसू नये. फॉर्म घडी करून खिशात घातला. बाहेर येऊन हेल्मेट चढवलं, किक मारली. कावेरी मागं वट्ट्यापोत गेली आन् हँडलला हात लावून म्हणली, "साहेब, रिपोर्ट रविवारपोत तरी थांबवा."

साहेबानं हेल्मेटची काच खाली घेतली. "मला आता निघायला पाहिजे."