रोमन रिंगवरचा एकदंत

आरे ऐका तर, मधी बोलू नका! राजूरचा धर्मराज मल्लखांबावर असा फिरायचा की बघणाऱ्याची मान दुखावी. औरंगाबादला कॉलेजात गेला अन् तिथं पहिल्यांदा रोमन रिंगा पाह्यल्या. वरून दोन दोर, दोरांना दोन कड्या, बस. टीमचा कॅप्टन शरदचंद्र, दोन सालचा चॅम्पियन, लई प्रेमानं म्हनला, "मल्लखांबाला एरंडेल लावतोस ना? हिकडं बी तळहाताला चोपड."

अन् ह्यानं चोपडलं! तेलाबिगर कधी खांबाला हात लावला न्हवता, त्याला काय ठाव? भर स्पर्धेत झोका घेतला अन् सट्टदिशी तोंडावर आला. पुढचा दात गायब! शरदचंद्र मांडीवर थापा मारत वरडला, "गणपतीच्या राजूरचाच न्हवं का! एकदंत झाला बघा!" मंग काय, मेसमधी एकदंत, वर्गात एकदंत.

तवापासून धर्मराजच्या डोक्यात एकच. शरदचंद्रला सगळ्यांसमोर मान खाली घालायला लावायची. गावी कडुलिंबाला लोखंडी कड्या टांगल्या, हाताला राख चोळली, अन् उन्हाळाभर लटकून राह्यला. कातडं गेलं, नवं आलं. माय द्वारकाबाई म्हनायची, "आरं, वटवाघूळ हाईस का?"

सत्तावन साली जालन्याला स्पर्धा. शरदचंद्र झकास करून उतरला अन् बिलकुल समोर बसला. मंग धर्मराज चढला. एक चूक न्हाई! शेवटच्या उडीआधी दोन्ही हात आडवे पसरून असा थांबला, जसं अंगात वजनच न्हाई. पंच म्हनला, "बस, पुढचं कर." ह्यानं केलंच न्हाई! नजर शरदचंद्रवर. शरदचंद्र हसला. हा तसाच. शरदचंद्रचं हसू गेलं. हा तसाच! हात थरथरून राह्यले, नाकावरून घाम, पंच वरडून राह्यला. ताकद तिथंच संपली अन् उतरताना गडी मातीत फतकल मारून बसला. मार्क कापले, कप गेला नांदेडच्या कुण्या पोराला!

धर्मराजचा जोडीदार रखमाजी पळत आला. "येड्या, कप हातात आल्ता की!"

"त्ये सोड. माझ्या डोळ्यात घाम गेल्ता. त्यानं मान खाली घातली का?"

"घातली."

"बराबर पाह्यलंस?"

"आरं, सोताच्या पायाचा अंगठा बघत बसला ना!"

"मंग चल जल्दी," धर्मराज उठला, "लई भूक लागली."